पहिल्या हाकेला

ज्या गावाला मी जाऊन आलो त्याचं नाव इथं येणार नाही. कोकणच्या किनाऱ्यावरचं एक लहान बंदर, एवढं पुरे आहे. माझी मुलगी तिथं एकटी राहते, आणि तिचा पत्ता चारचौघांत सांगत फिरू नये एवढी काळजी बापानं घ्यायलाच हवी. बाकी जे पाहिलं ते सगळं लिहितो. परत आल्यापासून माझ्या कुरुंदा गावातले आणि आसपासचे लोक भेटले की मला एकच गोष्ट विचारतात. त्यांच्याही मुली नोकरीसाठी दूर गेल्या आहेत, किंवा जायच्या आहेत. ते विचारतात, "सर, तिकडं सेफ हाय का?"

मीही हाच प्रश्न घेऊन गेलो होतो.

कुरुंदा

रेणुका नर्सिंग शिकली, परीक्षा पास झाली आणि सरकारी रुग्णालयात तिला नेमणूक मिळाली ती थेट समुद्राकाठी. ती रुजू झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचा भाऊ अजय गेला. हळद विकून वसमतहून संध्याकाळी मोटारसायकलवर घरी येत होता. रस्त्यात बिनदिव्याची ट्रॉली उभी होती. धडक झाली. ट्रॉलीवाला ट्रॉली घेऊन निघून गेला आणि अजय रस्त्याच्या कडेला पडून राहिला.

त्या दिवसांत आमच्या भागात एक आवई उठली होती, की लुटारू रस्त्यावर जखमी असल्यासारखे आडवे पडतात आणि गाडी थांबली की कपाशीच्या पऱ्हाट्यांतनं बाकीचे धावून येतात. असा लुटला गेलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. पण सगळ्यांनी ते ऐकलेलं होतं. त्यामुळं गाड्या आल्या आणि बाजूनं निघून गेल्या. तेराव्याला आलेल्या एका ओळखीच्या माणसानं माझा हात धरून सांगितलं, "सर, मी पायलं व्हतं. पण मला वाटलं, लुटायला पडून राहिला." त्याच्यावर मी रागावलो नाही. डॉक्टर म्हणाले होते, थोडं लवकर आणलं असतं तर...

त्यानंतर घरात रेणुकाचा विषय निघू लागला. माझे थोरले भाऊ, तात्या, शेती सांभाळतात. घरातला शेवटचा शब्द त्यांचाच असतो. त्यांचं मत पक्कं होतं. "बंदर म्हंजे काय असतंय म्हाईत हाय का बापू? स्मगलर, खलाशी अन् दारू. पोरीला घेऊन ये. नांदेडात दवाखाने काय कमी हायत?" तात्यांनी बंदर फक्त सिनेमात पाहिलेलं आहे. मी तर नुसतं पुस्तकांत. तेव्हा दोघांच्या ज्ञानात फार फरक नव्हता.

रेणुका फोनवर वाद घालत नव्हती, हेच मला जास्त लागत होतं. लहानपणापासून ती प्रत्येक गोष्टीला "काहून?" विचारणारी पोरगी. आता ती एवढंच म्हणाली, "अप्पा, तुम्ही ये म्हणालात तर येते." भावाच्या मागं आईला आणखी दुःख द्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. म्हणजे तिची नोकरी आता माझ्या एका शब्दावर होती.

तो शब्द कसा द्यायचा हे तिच्या आईनं सांगितलं. मी तिला अजूनही अजयची आई म्हणतो. ती चुलीपाशी बसून माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी सवता जाऊन बघा. ऐकीव गोष्टीवर काही ठरवू नका. ऐकीव गोष्टीनं आपलं एक लेकरू गेलं."

मी शाळेत मराठी शिकवतो. दिवाळीची सुट्टी लागली आणि निघालो. पिशवीत घरची हळद, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ होतं. मनाशी एवढं पक्कं केलं होतं, की जे दिसेल ते सगळं बघायचं. बरं दिसलं म्हणून थांबायचं नाही आणि वाईट दिसलं म्हणून पळायचं नाही.

बंदर

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. घाट उतरल्यावर हवा अंगाला चिकटू लागली आणि शेवटच्या वळणावर एसटीच्या खिडकीतून आधी वास आला, मग समुद्र. आमच्याकडं हळद शिजवायचे दिवस असतात तेव्हा अख्ख्या गावाला एकच वास असतो. कपड्यांना, अंथरुणांना, दुधालासुद्धा. इथंही तसंच होतं, फक्त वास मासळीचा. दोन-चार तासांत तो नाकाला कळेनासा झाला.

गाव लहान. खाडीच्या तोंडाशी जेटी, जेटीजवळ बर्फाचा कारखाना, मागं कौलारू घरांच्या आळ्या, आणि चढावर रुग्णालय. रेणुकाची खोली खालच्या आळीत होती. एक खोली, एक मोरी, कौलांचं छप्पर. तिनं बांगड्याचं कालवण आणि भात केला होता. मी काटे काढत बसलो आणि ती मला काटे काढताना बघून हसत होती. अजय गेल्यावर तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जेवण होतंय तोच रुग्णालयातून फोन आला. दुसऱ्या नर्सचं लेकरू तापानं फणफणलं होतं, म्हणून रात्रपाळीला रेणुकाला बोलावलं. ती निघताना म्हणाली, "कडी आतून लावा अप्पा. तुम्ही आलात हे अजून कुणाला सांगितलं न्हाई. उद्या सगळ्यांशी ओळख करून देते."

ओळख त्याआधीच झाली.

पहाट

मला पहाटे उठून वाचायची सवय आहे. अजय गेल्यापासून वाचणं होत नाही, पण उठणं होतं. दिवा लावून पुस्तक मांडीवर घेऊन बसलो होतो. बाहेर अजून उजाडलं नव्हतं. एवढ्यात दारावर थाप पडली आणि एका बाईचा खणखणीत आवाज आला, "सिस्टर!"

आमच्याकडं लहानपणीच प्रत्येकाला शिकवलेलं असतं, की अंधारात आलेल्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये. पहिली हाक चकव्याची असते, दुसरी चोराची असू शकते. आपलं माणूस असेल तर ते तिसऱ्यांदा हाक मारतंच. चकव्यावर माझा विश्वास नाही. वर्गात मी अशा समजुतींविरुद्ध बोलतो. पण अंधारात हाक आली की माझी जीभ आपोआप टाळूला चिकटते. मी पुस्तक मिटलं, श्वास धरला आणि तिसऱ्या हाकेची वाट बघू लागलो.

दुसरीच आली नाही.

त्याऐवजी बाहेर काहीतरी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग आणखी एक, मग आणखी. कुजबुज झाली. काही पावलं घराला वळसा घालून मागं गेली. शेजारच्या दारांवर थापा पडू लागल्या. माझ्या मनात आलं, तात्या बराबर बोलत होते. ही टोळीच आहे. मी उठलो आणि अंदाजानं हाताला लागलं ते उचललं. ते भाकरीचं उलथनं होतं.

डोक्यावरची कौलं सरकली. त्या फटीतून एका माणसाचं उलटं तोंड आत आलं आणि टॉर्चचा झोत माझ्यावर पडला.

"सिस्टर कुठं हाय?" त्या तोंडानं विचारलं.

"तुमी कोण?" मी म्हणालो.

"आधी तू कोन?"

"मी तिचा बाप."

तोंड वर गेलं. बाहेर कुणाला तरी सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "बाप हाय म्हनतो. हातात उलथना हाय."

मग तोच बाईचा आवाज दाराशी आला. "बाप असशील तर कडी काढ."

मी कडी काढली. समोर अख्खी आळी उभी होती. पुढं कोळणी; त्यांच्या मासळीच्या रिकाम्या पाट्या रस्त्यावर ठेवलेल्या. सगळ्यांत पुढं पन्नाशीच्या पुढची एक बाई, हातात मासळी कापायची कोयती. मागं लुंग्या नेसलेले पुरुष. आणि आळीच्या तोंडाशी मोटारसायकल लावून एक हवालदार येत होता. मी बाप असल्याचं कुणालाच पटत नव्हतं. सिस्टरचा बाप येणार असता तर सिस्टर बोलली असती, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्या बाईनं रुग्णालयात फोन लावला आणि फोन माझ्या कानाला धरला. कोयती मात्र दुसऱ्या हातात तशीच. रेणुका आधी खूप हसली. मग थांबली. मग म्हणाली, "अप्पा, तुम्ही तिसऱ्या हाकेची वाट बघत बसला होतात, व्हय ना?"

जेटी

कोयतीवाली बाई म्हणजे ताराकाकू. उजाडेपर्यंत माझं नाव त्या गावात "उलथनेवाले बाबा" असं पडलं होतं, आणि मी जेटीवर गेलो तर ओळखदेख नसलेली माणसं मला हसून नमस्कार करत होती. चहावाल्यानं विचारलं, हत्यार आणलं नाही का.

लिलाव चालू होता. लांबून मला वाटलं, मोठं भांडण लागलंय. बाया एकमेकींच्या अंगावर धावून जात होत्या, हात नाचवत होत्या. जवळ गेल्यावर कळलं, सुरमईचा भाव ठरत होता. आमच्याकडं हळदीचा लिलाव होतो तेव्हा पुरुष हळू आवाजात बोलतात आणि बाई तिथं सहसा नसतेच. इथं पुरुष बोट चालवतात, मासळी जेटीवर टाकतात आणि मग बाजूला होतात. पुढचं सगळं बायांचं.

लिलाव उरकल्यावर ताराकाकूंनी मला चहा पाजला. त्यांनी सांगितलं ते असं. लिलावासाठी बायांना अंधारात घरं सोडावी लागतात. एकटीनं कुणी जात नाही. ताराकाकू आळीच्या टोकाहून निघतात आणि वाटेत ज्या ज्या घरात एकटी बाई असेल, तिथं एक हाक मारतात. आतून ओ आली की पुढं. जी यायची ती रांगेत सामील होते, जिला यायचं नसेल ती आतूनच ओ देते. नवी सिस्टर सकाळच्या पाळीला अंधारात चढावर जाते हे पाहिल्यावर त्यांनी तिचं दारही त्यात घेतलं. विचारलं नाही, एका पहाटे नुसती हाक मारली. आज मात्र आत दिवा होता, कडी आतून होती आणि ओ आली नाही. म्हणून पाट्या खाली ठेवल्या.

"पण दुसरी हाक तरी मारायची," मी म्हणालो.

"कशाला?"

मी त्यांना आमची तिसऱ्या हाकेची रीत सांगितली. त्या आणि शेजारच्या बाया ऐकत राहिल्या. एकीनं विचारलं, "आनि तवर आतलं मानूस मेलं तर?" ताराकाकूंनी माझ्याकडं पाहिलं. अजयचं त्यांना रेणुकाकडून माहीत होतं. त्यांनी त्या बाईला गप्प केलं आणि सावकाश म्हणाल्या, "बाबा, होडीतनं पडलेला मानूस एकदाच वरडतो. दुसऱ्यांदा वरडायला जातो तेवा तोंडात पानी असतं. आमाला तीच सवय."

जेटीच्या बाजूला बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. लांबच लांब रांगा, आणि राखणीला कुणी नाही. एक म्हातारी कावळे हाकत होती तेवढीच. आमच्याकडं शिजवलेली हळद उघड्यावर वाळत असते तेव्हा घरातलं एक माणूस तिथंच अंथरूण टाकतं. मी विचारलं, चोरी होत नाही का? ताराकाकू म्हणाल्या, सुकट चोरणारा वासानंच पकडला जाईल, लपणार कुठं. मी म्हणालो, हळदीचा चोरही हातांच्या रंगावरून पकडला जायला हवा, पण आमच्याकडं सगळ्यांचेच हात पिवळे. हे त्यांना फार आवडलं. दिवसभरात तीनचार जणांनी ते मला परत ऐकवलं.

त्यांना मी घरची हळद दिली. संध्याकाळी त्यांच्याकडून तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण आलं, वर निरोप, की हळद अर्धीच घातली तरी चढली, तुमच्याकडची माणसंपण अशीच का.

ठाणं

पहाटेच्या प्रसंगानं मन हललं होतं हे खरं, पण एका पहाटेवर मुलीचं आयुष्य ठरवणं म्हणजे पुन्हा ऐकीवच. म्हणून दुसऱ्या दिवशी ठाण्यावर गेलो. मोटारसायकलवरून आलेले हवालदार तिथंच होते. मी त्यांना विचारायला सुरुवात केली: चोऱ्या किती होतात, कशाच्या होतात, बायकांच्या तक्रारी येतात का, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या दिवसांत. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "काका, तुम्ही मुलीसाठी स्थळ बघायला आल्यासारखं विचारताय."

"तसंच समजा," मी म्हणालो.

त्यांनी मग खुर्ची दिली आणि मोकळेपणानं सांगितलं. गुन्हे होतात. बोटींवरचं डिझेल जातं, मोबाइल जातात, जाळी कापली जातात. बोटी लागल्या की दारू चढते आणि खलाशांत मारामाऱ्या होतात. बायकांच्या तक्रारी येतात. पूर्वी येत नव्हत्या. याचा अर्थ पूर्वी काही होत नव्हतं असा नाही, हे त्यांनी स्वतःच जोडलं. "तुमची मुलगी इथं शंभर टक्के सुरक्षित आहे, असं मी म्हणणार नाही. तसं मी माझ्या मुलीबद्दलही म्हणत नाही. ती पुण्यात असते."

मग त्यांनी विचारलं, आमच्याकडं कशाच्या चोऱ्या होतात. मी सांगितलं: हळदीची पोती, शेळ्या, विहिरीवरच्या मोटारींची केबल, आणि विजेच्या रोहित्रातलं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधलं, तेल.

"रोहित्रातलं तेल?" ते पुढं झुकले. "त्याचं करतात काय?"

मला सांगता आलं नाही. आमच्याकडं रात्रीत रोहित्र रिकामं होतं आणि सकाळी अख्ख्या शिवारातल्या मोटारी बंद असतात, एवढंच मला माहीत आहे. त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर मी जो भाव पाहिला तो मला ओळखीचा होता. बंदराचं नाव काढल्यावर तात्यांच्या चेहऱ्यावर तोच असतो.

उठताना मी विचारलं, चोऱ्यांचा संशय आधी कुणावर येतो. म्हणाले, नेपाळी खलाशांवर. बोटींवर बरीच नेपाळची मुलं कामाला आहेत. भाषा कळत नाही, नाव कुणाला माहीत नसतं. मला आठवलं, आमच्याकडं मेंढरं घेऊन धनगर शिवारात उतरले की तसंच होतं. काही हरवलं की आधी त्यांच्या पालांकडं बोट जातं, मग शोध सुरू होतो.

चढावरची वाट

रुग्णालयातून रेणुकाच्या खोलीकडं यायला एकच रस्ता आहे आणि तो बर्फाच्या कारखान्याच्या मागून, दारूच्या दुकानासमोरून जातो. संध्याकाळी मी तो एकटा चालून पाहिला. बोटी लागलेल्या होत्या. दुकानासमोर माणसं रस्त्यापर्यंत आली होती. कुणी मला काही बोललं नाही, पण एका खांबावर दिवा नव्हता आणि तेवढा तुकडा काळोखा होता. मी परत फिरून तो तुकडा पुन्हा चाललो. रेणुका हा रस्ता रोज चालते.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ती माझ्याबरोबर जेटीच्या टोकाशी येऊन बसली. भरती लागत होती. मी सरळ विचारलं, "त्या रस्त्यावर तुला कधी काही झालं?"

ती म्हणाली, "झालं अप्पा. एक माणूस मागं आला होता."

पावसाळ्यानंतर बोटी सुरू झाल्या तेव्हाची गोष्ट. त्या काळोख्या तुकड्यात त्यानं तिची ओढणी धरली. ती ओरडली. खाली वळणावर बाया संध्याकाळची मासळी घेऊन बाजाराकडं चालल्या होत्या. त्या धावत वर आल्या. माणूस बाहेरचा नव्हता, नेपाळीही नव्हता. वरच्या आळीतला, चांगल्या घरातला होता. बायांनी त्याला धरून ठाण्यावर नेलं. रेणुकानं स्वतः तक्रार दिली. ताराकाकू तिच्या शेजारी बसून राहिल्या. त्याच्या घरचे मिटवायला आले तेव्हा ताराकाकूंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. केस अजून चालू आहे.

मी विचारलं, "काहून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तात्यांनी दुसऱ्या दिवशी गाडी पाठवली असती."

ते खरं होतं.

मग तिनं मला आणखी एक सांगितलं, मी न विचारता. मोबाइल चोरल्याच्या संशयावरून एका नेपाळी खलाशाला जेटीवर मारलं होतं. त्याच्या कपाळाला टाके तिनं घातले. मोबाइल नंतर मालकाच्याच बोटीत सापडला. "त्याच्यासाठी कुणी पाटी खाली ठेवली न्हाई," ती म्हणाली. "मी ताराकाकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्याचं नावच कुणाला माहीत नव्हतं, हाक कुणाला मारणार? मला ते पटलं न्हाई. आम्ही भांडलो. दोन दिवस बोललो न्हाई."

"मग?"

"मग त्यांनी पहाटे हाक मारली. मी ओ दिली." ती जरा हसली. "आता त्या बोटींवरच्या पोरांची नावं विचारून राहिल्यात. एकाचं नाव त्यांना म्हणताच येत न्हाई, म्हणून त्याला गणपत म्हणतात."

मी तिला विचारलं, "तुला इथं राहायचंय?"

"राहायचंय." तिनं वेळ लावला नाही. "पण आईला झोप लागणार नसेल तर न्हाई. तुम्ही तिला सगळं सांगा अप्पा. ओढणीचंही. लपवून मिळालेला होकार मला नको."

माझ्या मनात आलं होतं, की तेवढी एक गोष्ट वगळावी. ती वगळली तर सगळं सोपं होतं. पण सांगायचं तर पूर्ण सांगायचं, हे तिनंच ठरवून टाकलं. निघायच्या पहाटे बायांची रांग आली. "सिस्टर!" अशी हाक झाली आणि आम्ही दोघांनी एकदमच ओ दिली. बाहेर हशा पिकला. रेणुका ओढणी सारखी करून त्यांच्यात गेली आणि मी एसटी गाठली.

पुन्हा कुरुंदा

घरी पोचलो त्या दुपारी तात्या ओट्यावर बसले होते. माझी वाटच बघत होते. अजयची आई दाराच्या आत, उंबऱ्याशी बसली. मी पाणी प्यायलो आणि सांगायला बसलो. डिझेल सांगितलं, दारू सांगितली, दिवा नसलेला खांब सांगितला, हवालदार काय म्हणाले ते सांगितलं. कौलातलं उलटं तोंड सांगितलं तेव्हा तात्यांनासुद्धा हसू आलं. मग ओढणीचं सांगितलं.

तात्यांचं हसू गेलं. ते मांडीवर हात मारून म्हणाले, "बघा. मी काय म्हणलो व्हतो? झालं का न्हाई? आता उद्याच्या उद्या घेऊन ये तिला. मी गाडीचं बघतो."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांचा पुतण्या गेला होता आणि पुतणी त्यांना गमवायची नव्हती. मी म्हणालो, "तात्या, माझं मत तिनं तिथं राहावं असं आहे. मी बघून आलोय."

"बघून आलास अन् हे म्हणतोस?"

"व्हय."

मग उंबऱ्यापासून अजयच्या आईचा आवाज आला. ती तात्यांसमोर सहसा बोलत नाही.

"ती वरडली तवा त्या बाया लगेच आल्या?"

"लगेच."

"कुणी उभं राहून बघत बसलं न्हाई?"

"न्हाई."

"पाट्या घेऊन चालल्या व्हत्या म्हणता. मग पाट्यांचं काय केलं?"

"टाकून दिल्या. मासळी सगळी रस्त्यावर सांडली होती, असं रेणुका म्हणाली."

तिनं पदर तोंडाला लावला. तिच्या डोळ्यांसमोर कुठला रस्ता होता ते मला माहीत होतं. तात्या काही बोलायला गेले, तर तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून थोरल्या दिरासमोर तिनं हात उचललेला मी पाहिला नव्हता. तात्याही थांबले.

मग ती म्हणाली, "राहू द्या तिला तिथंच. तिथं कुणीतरी येतंय."